अकरा मजले खाली

दृष्ट, शकुन, स्वप्नात दिसलं... कुणी असलं काही सांगू लागलं की मी आधी लॉग्ज, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदी, मागतो. सॉफ्टवेअरवाला आहे, मूळचा पुण्याचा. राहतो आयर्लंडमध्ये नावनला, नोकरी चेरीवूडला. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय.

गेल्या उन्हाळ्यात चाळिशीची हौस म्हणून पाठीवर सॅक टाकून एकटाच चीनला गेलो. बायको डॉक्टर, तिला सुट्टी नव्हती. नागपूरहून आलेल्या सासूबाई घर सांभाळत होत्या. दहा वर्षांच्या लेकीची, रियाची, एकच अट होती — शनिवारी तिची कॅमोगीची फायनल, काठी-चेंडूचा तो मुलींचा आयरिश खेळ, तिला मी हजर पाहिजे. आधीच्या दोन फायनल मी ऑफिसपायी चुकवल्या होत्या. निघताना म्हणाली, "यू'ल बी देअर बाबा, वोंट यू?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. लागलं ते मला.

शेवटचा मुक्काम चोंगछिंग. काय शहर आहे हो! मेट्रो चक्क बिल्डिंगच्या पोटातून जाते. स्कूटर सगळ्या इलेक्ट्रिक, मागे कधी येऊन उभ्या राहतात कळतच नाही. भाजलेली रताळी विकणारी आजीबाईसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, आणि पाणी मागितलं की गरम मिळतं. चौकात साठीच्या बायका स्पीकर लावून नाचत होत्या, त्यांनी मलाही ओढलं. मी नाचलो. जाम खूश होतो.

गुरुवारी साडेसातचं विमान. दुपारी तीनला पायीच हॉस्टेलकडे परतत होतो, पासपोर्ट तिथल्या लॉकरमध्ये. मॅप म्हणे, पोचलात. समोर मोकळा चौक! हे शहर डोंगरावर एकावर एक रचलेलं आहे, आपण जमीन समजतो ती कुणाची तरी गच्ची असते. ज्याला विचारावं तो हसून खाली बोट दाखवायचा. दोन लिफ्ट पकडून पाहिल्या — एक पार्किंगमध्ये गेली, दुसरी कुठल्याशा हॉटेलच्या भटारखान्यात. तास गेला. बॅटरी तीन टक्के. विमान चुकलं की शनिवार गेला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बायको राउंडवर, फोन उचलेना. म्हणून सासूबाईंना लावला. "आई, मी हरवलोय, हिला सांगा—"

"जावईबापू, घाबरू नका," त्या शांतपणे म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "थे छत्र्यायचं दुकान दिसून राहिलं न समोर? त्याच्यातून आत जा. मागं लिफ्ट आहे. अकरा मजले खाली उतरा. बाहेर वडासारखं झाड आहे, त्याच्या बाजूनं पायऱ्या. खाली हिरवं दार. ढकला, उघडंच आहे."

फोन बंद पडला. व्हिडिओ कॉल नव्हता, साधा कॉल. आणि समोर... छत्र्यांचं दुकान होतं.

लिफ्ट होती. झाड होतं. हिरवं दार ढकललं तर मी थेट हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात! रिसेप्शनवरची मुलगी नूडल्स खात बसली होती, ती दचकली. मी तीन दिवस नदीच्या बाजूनं ये-जा करत होतो. असं मागचं दार आहे हे मलाच माहीत नव्हतं, मग घरी फोटो पाठवण्याचा प्रश्नच नाही. आणि सासूबाईंनी जन्मात नागपूर आणि नावन सोडून तिसरं गाव पाहिलेलं नाही.

शनिवारी मॅचला वेळेवर पोचलो. रियाची टीम हरली, पण हाफ टाइमला ती धावत माझ्यापर्यंत आली, "हाय" म्हणाली आणि तशीच परत पळाली. शेजारी सासूबाई शाल घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, आई, आता तरी सांगा, तुम्हाला कसं कळलं?

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या. "पोरगी तीन दिवसांपासून विचारून राहिली होती, बाबा येतील न? मी तिले हो म्हणून बसली होती. मग दुसरा काही इलाजच नव्हता."

याला स्पष्टीकरण म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. माझ्याकडे तरी याहून दुसरं नाही.