आले तर पाठवतो

गोविंदामामा ज्या आवाजात खोटं बोलतात, तो आवाज यवतमाळातल्या निदान शे-दीडशे बायकांच्या ओळखीचा असेल. बसस्थानकामागच्या ‘नीलम’ परमिट रूममध्ये ते एकतीस वर्षं वेटर आहेत. नवऱ्याने मोबाइल बंद केला की बायका बारच्या काउंटरवर फोन करतात आणि मालक काही न बोलता तो फोन मामांकडे सरकवतो. मामा म्हणतात, “आज दिसले नाई, ताई. आले तं लगेच पाठवतो.” त्यात घाई नसते, ओशाळलेपण नसतं. हा माणूस आपल्या बाजूचा आहे, असं त्या बाईला वाटावं. नवरा तेव्हा चार हातांवर बसून फल्लीदाणे खात असतो.

मी एसटी डेपोत कारकून होतो. चौदा वर्षं झाली, मामांच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो आहे. ते वाक्य माझ्या घरीही बऱ्याचदा गेलं आहे आणि मी ते मजेत ऐकलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मामांनी स्वतः कधी थेंब घेतला नाही. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा गाठीगाठींनी वर आल्या आहेत, ट्रे उचलताना उजवा खांदा कुरकुरतो. तरी कोणाला सोडा लागतो आणि कोणाला साधं पाणी, हे त्यांना विचारावं लागत नाही.

त्यांना एकच मुलगी, दिपाली. शाळेतून येताना ती बापाचा डबा घेऊन बारच्या मागच्या दाराशी यायची. फोन आला की तोंडावर हात दाबून हसायची आणि घरी जाऊन आईला तोच आवाज काढून दाखवायची. हे मामाच कौतुकाने सांगत. तिचं लग्न विक्कीशी झालं. विक्की घाटंजीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. गाडीच्या मालकाने ती विकली आणि तो दोन वर्षं घरी बसला. रिकामा बसलेला माणूस शेवटी कुठे जाऊन बसतो, हे आमच्यासारख्यांना सांगायला नको.

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी दोन वाजता दिपालीने मामांना फोन केला. एका शाळेत बसवर ड्रायव्हर हवा होता आणि विक्कीला चार वाजता लायसन घेऊन बोलावलं होतं. गाडी चालवून बघणार, जमली तर उद्यापासून कामावर. चारपर्यंत आला नाही तर दुसरा माणूस ठरलेलाच होता. विक्की अकरा वाजता झेरॉक्स काढायला म्हणून निघाला, तो परतलाच नव्हता. फोन बंद. तिने दोन बारमध्ये विचारून पाहिलं, दोन्हीकडून दिसले नाही म्हणून सांगितलं. मी नेहमीच्या टेबलावर होतोच. मामांनी मालकाला दोन तासांची सुट्टी मागितली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

आधी आम्ही देशीच्या भट्टीवर गेलो. तिथे माणसं उभ्याउभ्या ग्लास रिकामा करतात आणि बाहेर उकडलेलं अंडं खाऊन चालू लागतात. भट्टीवर कोणी कोणाला लपवत नाही, कारण लपावं एवढी अब्रू घेऊन तिथे कोणी येतच नाही. तिथे विक्की नाही म्हटलं म्हणजे नाही, एवढं कळलं.

मग दारव्हा रोडवरचा नवा बार. भर दुपारी निळे दिवे, धडाधडा वाजणारं गाणं आणि सोफे इतके खोल, की मामा टेकले तेव्हा त्यांना उठवायला मला हात द्यावा लागला. काळ्या टी-शर्टातला वेटर म्हणाला, कस्टमरची माहिती आम्ही देत नाही, सर. आम्ही सगळी टेबलं बघून बाहेर आलो. विक्की नव्हता. मामांना राग आला तो वेगळाच. आजकालच्या लोकांना धड खोटंही बोलता येत नाही, म्हणाले. मला हसू आलं नाही. ऊन डोक्यात चढलं होतं आणि शहरातल्या सगळ्या बारांचा मला एकाएकी कंटाळा आला.

आर्णी रोडवरच्या ‘संगम’ला पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. हा जुन्या धाटणीचा बार, भिंतीला लागून पडद्यांच्या केबिनी. इथला वेटर कपिल मामांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मामांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “आज दिसले नाई, काका. आले तं लगेच पाठवतो.”

शब्दाला शब्द तोच. उगाच टेबल पुसणं नाही, नजर खाली नाही. मामांनी शिकवलं होतं तसंच.

“कपिल, मी पोरीचा बाप म्हणून आलो हावो.”

कपिलचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, “तुमीच सांगतलं होतं काका. बायको येवो का बाप येवो, आपलं उत्तर एकच.”

पोराच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. पण कोणत्या तोंडाने वाजवणार?

मामा उठले. एकाच केबिनीचा पडदा ओढलेला होता. बोलावल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या पडद्याला एकतीस वर्षांत त्यांनी हात लावला नव्हता. तो त्यांनी बाजूला केला.

विक्की ताडकन उभा राहिला आणि सासऱ्याचा मान म्हणून ग्लास टेबलाखाली धरला. शर्ट इस्त्रीचा होता. टेबलावर पातळ पिशवीत लायसन आणि झेरॉक्स, बाजूला कंगवा.

“भेव वाटून राह्यलं होतं, मामाजी,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाले, स्टेअरिंगले हात नाई लावला. म्हटलं, थोडी घेतली तं हात थरथरनार नाई.”

शाळा दहा मिनिटांवर होती आणि चाराला पंधरा मिनिटं बाकी होती. पण त्याच्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत येत होता. लेकरांची बस अशा माणसाच्या हातात कोण देईल? मामांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी पडदा पुन्हा नीट ओढून घेतला, सवयीने, आणि बाहेर पायरीवर येऊन बसले.

तिला खरं सांगून टाका, असं मी म्हटलं. मामांनी होकाराने मान हलवली आणि फोन लावला. ऐकू कमी येऊ लागल्यापासून ते फोनचा आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“बाबा, भेटले काय?”

मामांनी मागे पडद्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि त्यातून ते वाक्य आपोआप आलं, शांत, मऊ, बिनचूक. “इकडं तं दिसले नाई, बाई. आले तं लगेच पाठवतो.”



“बाबा,” दिपाली म्हणाली, “मले पण त्याच आवाजात?”

तिने फोन ठेवला. मामा मात्र तो कानाला लावून बसून राहिले, आणि मला माझ्या घरून ‘नीलम’वर येणारा फोन आठवला. तिकडून चौदा वर्षांत एकदाही कोणी असं विचारलं नव्हतं.