करार संपला, पण सेन्सर मातीत होता

मी वर्गात फारशी बोलत नाही. त्यामुळे होतं काय, बोलणारे बोलून मोकळे होतात आणि किस्से माझ्याकडे साठत जातात. पारनेरजवळच्या आमच्या शाळेचा आणि विद्यापीठाचा करार संपला, त्या एका आठवड्यात तर इतके साठले की आता कुणाला तरी सांगायलाच हवेत!

करार साधा होता. माती तपासायची उपकरणं विद्यापीठाची, आणि महिन्यातून एकदा तिथल्या मॅडम शिकवायला यायच्या. त्यातला ओलावा मोजणारा एकुलता एक सेन्सर माझ्या ज्वारीच्या कुंडीत पुरलेला होता. विज्ञान प्रदर्शनासाठी सहा आठवड्यांच्या नोंदी हव्या होत्या. झाल्या होत्या चार.

*

पत्र मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी वाचलं. आमच्याकडे प्रार्थनेला पत्र वाचतात ते कुणाचा तरी नंबर आला म्हणूनच. त्यामुळे "येत्या शनिवारी सर्व उपकरणे परत नेण्यात येतील" या वाक्यावर अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या!

"अरे, वाईट बातमी हाय ही!" सर ओरडले.

टाळ्या थांबल्या. मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, मग अर्ध्या टाळ्या परत घेऊ का?"

सगळे हसले. मी बोटांवर शनिवारपर्यंतचे दिवस मोजत होते.

*

प्रयोगशाळेच्या दारावर विद्यापीठाचं नाव रंगवलेलं होतं. ते पुसायचं काम शिपाई दगडूमामांकडे आलं. मामांनी त्यावर कॅलेंडर टांगलं.

"मामा, पुसायला सांगितलं होतं," विज्ञानाचे कवडे सर म्हणाले.

"मोठ्या मानसांचं भांडान, सर. आज तुटलं, उद्या जुळलं, मंग पेंटर कोन आननार?"

"भांडण नाही हो. मुदत संपली."

"मंग तर कॅलेंडरच बरं!"

*

कवडे सरांना विचारायचं मी ठरवलं. 'सर, सेन्सर आणखी दोन आठवडे ठेवता येईल का?' हे वाक्य रात्रभर पाठ केलं. सर समोर आले आणि तोंडातून निघालं, "सर, कुंडीला पाणी घालू का?"

"घाल की! त्यात विचारायचं काय?"

सर बघत उभे राहिले, म्हणून घालावं लागलं. सकाळी एकदा घातलेलंच होतं. माझ्या आलेखात मंगळवारी रेघ एकदम वर गेलेली दिसते, ती यामुळे.

*

शेवटी माझी मैत्रीण स्नेहल म्हणाली, "तू गप बस, मी विचारते." गेली, आणि दोन मिनिटांत परत आली.

"सर म्हणाले, यादीत हाय ते जानार. शुक्रवारी तूच सेन्सर काढून डब्यात ठेवायचा."

"अगं, मग विचारलंस कशाला!"

"आता निदान पक्कं तरी कळलं ना?"

शुक्रवारी मी माती थोडी उकरली. पांढरं मूळ सेन्सरला वेढा घालून बसलं होतं. सेन्सर ओढला असता तर ते तुटलं असतं. मी माती परत लोटली आणि रिकामा डबा झाकण लावून रांगेत ठेवला. सरांना वाटलं, झालं काम.

*

शनिवारी मॅडम आल्या. सामान न्यायला आल्या होत्या, तरी शाल-नारळ झालाच! मग यादी घेऊन त्या एकेक डबा उघडू लागल्या.

पहिल्या डब्यात सूक्ष्मदर्शक, आणि शेजारी मूठभर भुईमुगाच्या शेंगा.

"हे काय?"

"कुनाचं भांडं रिकामं परत देऊ न्हाई, मॅडम," दगडूमामा म्हणाले. "घरच्या शेंगा हायेत."

दुसऱ्या डब्यात तेच. तिसऱ्यात तेच. मग सेन्सरचा डबा. त्यात नुसत्या शेंगा, काठोकाठ!

"ह्यो अगदीच रिकामा हुता," मामा म्हणाले, "म्हनून ह्यात जास्त घातल्या."

कवडे सरांनी माझ्याकडे पाहिलं. स्नेहलने मला कोपर मारलं.

"मॅडम, मूळ..." मी म्हणाले. मी खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं.

मॅडम कुंडीपाशी गेल्या. शेजारच्या वहीतल्या चार आठवड्यांच्या नोंदी चाळल्या, मातीत शिरलेली वायर बघितली, बोटाने माती जरा बाजूला केली, परत सारखी केली. टेबलाशी येऊन त्यांनी डब्यातली एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि यादीत सेन्सरपुढे बरोबरची खूण केली.

"कच्च्या आहेत मामा," त्या म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी येईन, तेव्हा भाजून ठेवा."