याला तुमच्या घरी काय म्हणतात?

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात एका बाईंना साड्या दाखवत होतो. "भाऊजी, ते गेले," एवढंच त्या म्हणाल्या. अर्धी उलगडलेली साडी हातात तशीच राहिली. माझा मित्र वासुदेव कधीही जाईल हे त्याच्या आजारपणात आम्हाला कळत होतं, पण कळणं वेगळं आणि तो फोन वेगळा. आता या गोष्टीला दोन महिने होत आले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, 'नाहुआत्ल भाषेचे अभ्यासक' म्हणून. त्यानंतर दुकानात येणारा प्रत्येक ओळखीचा मला विचारतो, हे काय असतं हो? म्हणून हा लेख. वासुदेव असता तर त्याने हा प्रश्न कधीच नुसता सोडून दिला नसता.

तो नागपूरजवळच्या कुहीचा, धान पिकवणाऱ्या घरातला. मी कोष्ट्याच्या घरातला. वडील माग चालवायचे, मी मशीनवरच्या साड्या विकतो. कॉलेजात असताना वसतिगृहावर आमची गट्टी जमली, ती टिकली. पुढे तो भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि त्याची मराठी अशी काही घासूनपुसून निघाली की आम्ही म्हणायचो, वासूसमोर शिंकायचं तरी प्रमाण मराठीतच शिंकावं लागतं. घरातही तो तसाच बोलायचा. कुहीची बोली त्याच्या तोंडून मी कॉलेज संपल्यावर पुन्हा ऐकली नव्हती... अगदी शेवटपर्यंत.

तरुणपणी स्पॅनिश शिकायला म्हणून शिष्यवृत्ती घेऊन तो मेक्सिकोला गेला. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या घरी स्वयंपाकाला येणारी बाई डोंगरातल्या एका गावची होती. ती बहिणीशी फोनवर बोलायची ते स्पॅनिश नव्हतं. याने विचारलं, तुमची भाषा कोणती? ती संकोचून म्हणाली, भाषा कुठली, ती आमची नुसती बोली. "पाहुण्यांसमोर माझी आई जशी गप्प व्हायची ना, अगदी तसा तिचा चेहरा झाला," वासुदेव सांगायचा. स्पॅनिश राहिली बाजूला, आणि हा त्या बोलीच्या मागे लागला तो जन्मभर.

ती बोली म्हणजे नाहुआत्ल. एके काळी अझ्टेकांच्या राजधानीत हीच चालायची. स्पॅनिश पाद्र्यांनी तिला रोमन अक्षरं दिली, मग तिथल्याच लोकांनी त्या अक्षरांत मृत्युपत्रं लिहिली, सरकारदरबारी तक्रारी केल्या, गाणी उतरवून ठेवली. त्या जुन्या दरबारी भाषेचे जगभर गोडवे गायले जातात आणि आज गावोगावी लाखो लोक जे बोलतात त्याला म्हणायचं बिघडलेलं. या एका गोष्टीवर वासुदेवचं डोकं फिरायचं. "अरे, या गावागावांतल्या बोली तिच्या लेकी नाहीत, बहिणी आहेत," तो टेबलावर हात आपटायचा. "तिच्यापासून बिघडायला त्या तिच्यातून निघाल्याच नाहीत. उत्तरेकडून लोक आले, पांगले, कुणी डोंगरात राहिले, कुणी किनाऱ्यावर, कुणी थेट एल साल्वादोरपर्यंत गेले. प्रत्येकाची वाढली आपापली." किनाऱ्यावरची एक बहीण तर मेलीच. एका अभ्यासकाला तिचे थोडे शब्द मिळाले, बाकी काही नाही. तिच्याबद्दल बोलताना तो घरातलं माणूस गेल्यासारखा थांबायचा.

विद्यापीठाला हा विषय शिकवण्यात रस नव्हता. नागपुरात हे कोण शिकणार, असं त्याला सरळ सांगितलं गेलं. याने बेसाच्या आपल्या फ्लॅटमध्ये रविवारचा वर्ग सुरू केला. कधी दहा जण असायचे, कधी मी एकटा, आणि मी तर वहिनींच्या पोह्यांसाठी जायचो. दर वर्षी पहिल्या दिवशी तो पिशवीतून एक टोमॅटो काढायचा आणि तो हातात धरून प्रत्येकाला विचारायचा, "याला तुमच्या घरी काय म्हणतात?" कुणी टोमॅटो म्हणे, कुणी टमाटर. मग तो विचारी, "कुठले तुम्ही?" मग सांगायचा की हा शब्द नाहुआत्लचा, 'तोमात्ल'. कुठल्याही गुबगुबीत, रसाळ फळाला ते तसं म्हणत. तो शब्द जहाजात बसून जगभर फिरला आणि सीताबर्डीच्या हातगाडीवर येऊन बसला. आणि तिकडे काय? मेक्सिको शहरात लालचं नाव वेगळं आणि हिरव्या छोट्याचं वेगळं, शहर सोडलं की पुन्हा बदलतं. "मग खरं नाव कोणतं?" कुणीतरी हमखास विचारायचं. "ज्याच्या घरी जे, ते खरं," म्हणून हा टोमॅटो कापून सगळ्यांना मीठ लावून द्यायचा.

मागच्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ज्या माणसाने आयुष्यभर बोलण्याचाच अभ्यास केला त्याच्या तोंडून नुसते आवाज... मला त्याच्याकडे बघवत नसे. ऋतुजा नावाची एक तरुण मुलगी त्याला बोलणं शिकवायला घरी यायची. नागपूरचीच, इंग्रजी शाळेत शिकलेली, मनापासून काम करणारी. ती चित्रांची कार्डं दाखवी आणि वासुदेव नुसता बघत राही. कित्येक आठवडे असे गेले. मग एका दुपारी मी बसलेलो असताना तिने टोमॅटोचं कार्ड धरलं आणि तो म्हणाला, "भेदरं."

ऋतुजाचा चेहरा पडला. "नाही ना काका, टोमॅटो. टो-मॅ-टो." त्याने मान हलवली. "भेदरं." तिने वहिनींना बाजूला नेऊन हळूच सांगितलं की अशा आजारात काही पेशंट अर्थ नसलेले शब्द तयार करतात, हे चांगलं लक्षण नाही. वहिनी मुंबईच्या, त्यांनाही तो शब्द ठाऊक नव्हता. त्या डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या. मी मात्र खुर्चीतून उठलो. "पोरी, हे बरळणं नाही. कुहीकडे टमाटरले भेदरंच म्हणतात." ती माझ्याकडे संशयाने बघत होती. मित्र आहे, मित्राची बाजू घेणारच. तिने पुढचं कार्ड काढलं, पातेल्याचं. वासुदेवने वेळ घेतला, ओठ जुळवले आणि म्हणाला, "गंज." ऋतुजा थांबली. "गंज... माझी आजी म्हणते गंज," ती म्हणाली आणि खालीच बसली. मग वासुदेव वहिनींकडे वळला आणि झटक्यानंतरचं त्याचं पहिलं सबंध वाक्य बोलला, "काहून रडून राहिली वं?"

त्यानंतर तो बोलतच गेला, हळूहळू, अडखळत, पण सगळं कुहीचं. ती घासूनपुसून काढलेली मराठी काही परत आली नाही. त्याचा मुलगा फोनवर म्हणायचा, ऋतुजाताई, बाबांना पहिल्यासारखं बोलता करा. तिने प्रयत्न केला, वासुदेवने कार्ड बाजूला सारलं. "जे आलं, थे माहं हाये," तो म्हणाला आणि विषय संपवला. मग त्याने जाहीर केलं की झटक्यामुळे राहून गेलेला एल साल्वादोरवरचा रविवारचा वर्ग तो घेणार. वहिनी घाबरल्या. एवढे जुने विद्यार्थी येणार, ते काय म्हणतील? "येऊ दे," तो म्हणाला. "मले बोलाचं हाये."

सोसायटीच्या हॉलमध्ये तो खुर्चीवर बसून बोलला. तिकडे एकदा मोठी कत्तल झाली, त्यानंतर जीव वाचवायला लोकांनी आपली भाषा घरात दडवली, लेकरांसमोरही बोलेनात. आता उरलेल्या म्हाताऱ्या बालवाडीत जाऊन ती नातवंडांना शिकवतात. हे सगळं त्याने कुहीच्या बोलीत सांगितलं. मध्येमध्ये शब्द सापडायचा नाही, तेव्हा तो थांबायचा आणि अख्खा हॉल थांबायचा. "बुढ्याइनं तोंडात धरून ठेवली गा... मंग पोराइले देली," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत ऋतुजा बसली होती. त्याच्या वर्गाच्या पहिल्या दिवसाची, टोमॅटोची गोष्ट वहिनींनी तिला सांगितली होती. इतका अभिमान मला माझ्या मुलाच्या लग्नातही वाटला नसेल.

पावसाळा संपता संपता दुसरा झटका आला, आणि तो गेला.

परवा वहिनींनी ती कार्डं ऋतुजाला परत देण्यासाठी माझ्याकडे दिली. तिच्या दवाखान्यात पोचलो तर आत पेशंट होता, म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. आत एक वृद्ध गृहस्थ बसले होते, आणि ऋतुजाच्या हातात कार्ड नव्हतं, खराखुरा टोमॅटो होता. "आजोबा, याले तुमच्या घरी काय म्हणतात?" तिने विचारलं आणि ती थांबली. घाई केली नाही, ओठ हलवून दाखवले नाहीत. बऱ्याच वेळाने ते काहीतरी म्हणाले. तो शब्द मला कळला नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिलाही कळला नसावा.

ती खुर्ची जवळ ओढून त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "कुठले तुम्ही, आजोबा?"