भिंतीचं चाक

क्लबात सगळे तिला भिंत म्हणत. लाडाने म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. सायकलच्या शर्यतीत वारा अंगावर घेत पुढे राहणारं कुणीतरी लागतं. बाकीचे त्याच्या पाठीआड आरामात पाय हलवत येतात आणि शेवटच्या चढावर ताज्या दमाने सटकतात. हे वारा खायचं काम वर्षानुवर्षं तिच्या गळ्यात होतं. कप दुसऱ्यांचे, हार दुसऱ्यांचे, आणि हिच्या वाट्याला पाठीवर थाप. भिंतीला कुणी हार घालतं का? भिंतीला लोक टेकतात फक्त.

एरवी ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. मोठ्या वाफेच्या इस्त्रीत चादरी सारायच्या, पलीकडून घड्या घालायच्या, संपेपर्यंत नवा ढीग हजर. गावचा हिवाळा तर असा की रस्त्यावर नुसता बर्फ. सायकल स्वयंपाकघरात रोलरवर चढवायची आणि भाजी शिजेपर्यंत जागच्या जागी घाम गाळायचा. म्हणून क्लब दर हिवाळ्यात दक्षिणेकडे, समुद्रकाठच्या उबदार गावी जाई. रोज सराव आणि मुक्कामाच्या अखेरीला एक शर्यत. त्यासाठी ती वर्षभराची रजा साठवायची, अंगात ताप असला तरी मोडायची नाही.

"निघाल्या बाईसाहेब ऊन खायला!" लाँड्रीतल्या बायका चिडवत.

कसलं ऊन नि कसलं काय! ओल आलेली हॉटेलची खोली, न्हाणीघरात सायकली, बेसिनमध्ये भिजवलेल्या चड्ड्या आणि खिडकीच्या कडीला लोंबणारे मोजे. पण रस्ता कोरडा होता, आणि तिला तेवढंच हवं होतं.

यंदाची खेप शेवटची होती. लाँड्रीतल्या पाळ्या बदलल्या होत्या, पुढच्या हिवाळ्यापासून सलग रजा मिळणार नव्हती. तिने हे कोचला सांगितलं, तेव्हा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग यंदाची शर्यत तुझी. आम्ही सगळे तुझ्यासाठी राबणार. शब्द आहे माझा."

कोपराला गूळ लावण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता. पण तिने तो शब्द खरा मानला, घरी जाऊन नवऱ्याला सांगितला, आणि नवऱ्याने तर तो मनावरच घेतला. तो सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. जेवणं आटोपली की टेबल पुसून तो तिच्यासाठी दोन नवी चाकं बांधायला बसे. एकेक स्पोक ताणायचा, नखाने वाजवून ऐकायचा, पुन्हा ताणायचा. पुढच्या चाकात एक स्पोक त्याने मुद्दाम लाल घातला.

"टीव्हीवर लांबूनही ओळखू येशील."

"मला कोण टीव्हीवर दाखवणारे?"

"पहिली आलीस की दाखवतील की."

यंदा क्लबात कोचची भाची आली होती. पोरगी चपळ, स्वभावाने चांगली, हिला ताई ताई करत मागे असायची. तिच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, एक मामा सोडला तर.

शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच इतरांनी वारा खाल्ला आणि ती त्यांच्या पाठीआड राहिली. आपोआप पुढे ओढल्यासारखं वाटत होतं. हे इतकं सोपं असतं? इतकं सोपं काम करून ह्या बायांनी आजवर कप नेले? तिचं डोकं तिथेच तापलं आणि रागाच्या भरात पाय आणखीच चांगले पडायला लागले. शेवटच्या चढाला पुढे चौघीच उरल्या होत्या. त्यांत ती होती आणि भाचीही होती. दोघी परक्या क्लबच्या, त्यांचा दम केव्हाच निघालेला. शर्यत तिच्या हातात आली होती.

आणि भाचीचं पुढचं चाक पंक्चर झालं.

कोचची गाडी मागे अरुंद रस्त्यावर अडकली होती. तिथे गुबगुबीत सीटवर बसून तो उंटावरून शेळ्या हाकत होता. तिच्या कानातल्या यंत्रात तो ओरडला, "चाक दे तिला! भिंत, चाक दे!"

तिने ब्रेक दाबले. उतरली, खटका उघडला, चाक उपसलं, भाचीच्या सायकलीत बसवलं, तिच्या पाठीला ढकलून तिला चढावर सोडलं. सगळं हातांनीच उरकलं, तिला कुणी विचारलंच नाही. लाल स्पोक गरगरत वळणाआड गेला, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय करून बसलो. तळपायाची आग मस्तकाला गेली. कोचचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला आपल्या ह्या शहाण्या, आज्ञाधारक हातांचा. ते दगडावर आपटावेसे वाटले.

थोड्या वेळाने कोचची गाडी आली. टपावर सुटी चाकं होती. गाडी थांबली नाही. खिडकीतून शाबासकीचा अंगठा तेवढा बाहेर आला आणि गाडी भाचीमागे निघून गेली.

मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीने तिला उचललं.

"पंक्चर?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. सवय."

ती पोचली तेव्हा भाची मंचावर होती, हार घातलेली, सायकल हाताशी. कोच फोटोवाल्यांना सांगत होता की हा साऱ्या संघाचा विजय आहे. ती तशीच मंचावर चढली.

"सर, माझं चाक."

"अगं, आत्ता? फोटो तरी होऊ देत."

"माझं चाक द्या."

"शर्यत संघाची असते. एवढ्या वर्षांत एवढंही कळलं नाही तुला?"

"शर्यत संघाची, चाक माझ्या नवऱ्याने बांधलेलं. शब्द तुमचा होता, तो तुम्ही परत घेतलात. चाक माझं आहे, ते मी परत घेते."

"लोक बघतायत!"

"बघू द्या की."

ती गुडघ्यावर बसली आणि खटका उघडला. सायकल कलंडायला लागली. भाचीने पटकन हँडल धरून उचललं.

"घे ताई," ती हळूच म्हणाली. "मला थांबायला हवं होतं." तिचे डोळे भरून आले होते.

तिने चाक उपसलं आणि ती मंचावरून उतरली. मामाने तिच्यामागे ओरडायला तोंड उघडलं. नेमका तेव्हाच फ्लॅश उडाला.

घरी परतल्यावर पहिल्याच पाळीला बायकांनी पेपरातलं ते चित्र इस्त्रीवर पसरलं. हार घातलेली मुलगी, तिने उचलून धरलेली सायकल, तोंड वासलेला कोच, गर्दी. ही तोवर चाक बगलेत मारून चौकटीबाहेर गेली होती.

"यात तू कुठेयस गं?" एकीने विचारलं.

तिने सायकलच्या पुढच्या चाकाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि ढिगातली पुढची चादर ओढली.