खंडेनवमीला उचललेला पाना

आमचा दत्तूदादा गेला त्याला दीड महिना झाला. लोक म्हणायचे, गाडीत राहतो, मजा आहे बाबा. मजा कसली, दादा सगळा वेळ भीतीत असायचा.

रेल्वेत एकतीस वर्षं काढली त्यानं. डब्यांच्या खाली बॅटऱ्या असतात ना, पंखे-दिवे चालवणाऱ्या, तेच त्याचं काम. रिटायर झाला, क्वार्टर सुटलं, तर उषावहिनीला म्हणाला, "घर-बिर नको आता. फिरू." जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली. आत पलंग, शेगडी, छतावर सोलरची प्लेट, पलंगाखाली मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर. पंखा, बल्ब, दोघांचे मोबाइल, सगळं त्याच्यावर. पण बॅटरी काही पंख्यासाठी घेतली नव्हती. वहिनीला दमा. वाफेचं मशीन रोज दोनदा लागायचं, आणि दम उठला की लगेच, त्याच मिनिटाला.

म्हणून दादा सकाळी उठला की देवाच्या आधी बॅटरीचं मीटर बघायचा. वहिनी चिडवायच्या, "अहो, कधी माझी नाडी पण बघा की."

"तिची चालली तर तुझी चालेल," दादा म्हणायचा. हसायचा नाही.

एका वर्षी गाडी नानाखेड्याच्या पुढे, वस्तीबाहेर, रिकाम्या प्लॉटवर उभी होती. खंडेनवमी आली. दादाच्या रेल्वेच्या शेडमध्ये या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उठेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. एका साली एकानं पूजेतला पाना उचलला, तर पंधरा दिवसांत त्याचा हात भाजला. दादानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून नेम पक्का.

सकाळी गाडी धुतली. इंजिनाचं झाकण उघडून आतूनपण पाणी मारलं. वहिनींनी देवास गेटच्या बाजारातून झेंडू आणला होता, खूप, त्याची चादरच्या चादर करून छतावर टाकली. प्लेट झाकली गेली. दादा म्हणाला, "अगं, प्लेटवर नको." वहिनी म्हणाल्या, "तीपण कामच करते ना वर्षभर? एक दिवस तिलापण फुलं नको?" दादाला वाटलं, बॅटरी भरलेली आहे, एका दिवसाचं काय. पाना, पक्कड, पेचकस आणि गाडीची किल्ली पाटावर ठेवली. म्हणजे गाडी चालू करणं बंद. इंजिन चाललं नाही आणि ऊन लागलं नाही, तर बॅटरी कशावर भरणार? रोज हाच हिशेब करणारा माणूस, त्या दिवशी पूजेत विसरला. पंखा दिवसभर चालू, पूजेचा बल्ब चालू, मोबाइल लावलेले.

संध्याकाळी वहिनींनी धूप केला. दार लोटलेलं. धूर आत कोंडला आणि त्यांना खोकला लागला. दादानं दार उघडलं, दम्याचा पंप दिला, दोनदा. फरक नाही. मशीन लावलं, मास्क बांधला. मशीन दोन मिनिटं घरघरलं आणि इन्व्हर्टरनं शिट्टी मारली. मग सगळं बंद. बल्ब गेला, पंखा थांबला, आणि वहिनींच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू यायला लागली.

दादानं मोबाइल उचलला, मला फोन लावला. मला नुसतं ऐकू आलं, "सुलू, वहिनीला..." आणि आवाज घाबराघुबरा. तेवढ्यात लाईन कटली. मी परत लावत राहिले, लागलाच नाही. तिकडे मोठा रस्ता लांब, रिक्षा सणाच्या दिवशी मिळणार कुठे. त्यानं पाटावरची किल्ली घेतली. वहिनींनी त्याचा हात धरला. बोलता येत नव्हतं, मानेनं नाही-नाही करत होत्या.

"सोड," दादा म्हणाला, "देव माझं काय करायचं ते करेल."

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद. परत फिरवली. परत बंद. सकाळचं पाणी आत कुठेतरी शिरलेलं. वहिनींचे ओठ काळे पडायला लागले होते. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की इंजिनाची बॅटरी वेगळी आहे, ती तर भरलेली आहे. इन्व्हर्टरच्या तारा पलंगाखालच्या बॅटरीवरून काढून तिच्यावर लावायच्या. बस. पण नट पान्याशिवाय खुलत नाही.

कुंकवानं माखलेला पाना त्यानं उचलला. नंतर सांगत होता, "सुलू, एकतीस वर्षं हेच काम केलं, पण पाना असा निसटला नव्हता कधी." पाना दोनदा हातातून पडला. चाचपडत शोधला. तोंडानं बडबड चालू, "उषे, श्वास घे, हळू घे, उषे, ऐकू येतंय ना?" मागे वळून बघायची हिंमत झाली नाही त्याची. बघितलं असतं तर हात चालला नसता, म्हणाला.

शेवटची तार बसली, ठिणगी उडाली, बल्ब लागला. मशीन घरघरलं. मास्कमध्ये वाफ आली.

अर्ध्या तासानं वहिनींनी डोळे उघडले. पाट बघितला, अर्धा रिकामा. मास्क बाजूला करून म्हणाल्या, "पूजा मोडलीत ना शेवटी?"

"हो. मोडली."

"बरं केलंत," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

दसऱ्याला मी गेले तर प्लेटवरची फुलं खाली मातीत पडलेली, प्लेट उन्हात, इंजिनाचं झाकण उघडं. दादा पलंगाखाली वाकून मीटर धरून बसलेला. वहिनी आपट्याची पानं घेऊन आल्या, "अहो, सोनं घ्या. उठा आता, रात्रभर तिथेच आहात."

दादानं एका हातानं सोनं घेतलं. दुसरा हात बॅटरीवर. "उठतो," म्हणाला. आकडा बघितला, परत बघितला, आणि तिथेच बसून राहिला.