पल्याड कोण आहे

किन्हीराजा गावच्या उदयसिंगची एक खोड पुण्यातल्या साइटवर सगळ्यांना पाठ होती. काँक्रीटची भिंत कापण्याआधी तो तिच्यावर तीन टोले मारायचा आणि पलीकडून कुणी "मोकळं हाय" म्हणेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. सुपरवायझर घड्याळ दाखवून वैतागायचा. वैतागू दे. कापलेला तुकडा कुणाच्या अंगावर गेला असता, तर सुपरवायझर थोडाच तुरुंगात जाणार होता? बाकी काम मात्र देखणं. आधी चारी कोपऱ्यांना गोल भोकं पाडायची, म्हणजे काप पुढे धावत नाही आणि भिंत तडकत नाही. मग पाणी सोडत हिऱ्याचं पातं रेघेवरून चालवायचं. त्याने पाडलेल्या दाराला नंतर छिन्नी लावावी लागत नसे.

गावाकडे वडिलांच्या माघारी घराची वाटणी झाली. थोरला बादल सेंट्रिंगचा ठेकेदार. त्याने मधली भिंत विटांची न बांधता काँक्रीटची ओतली. हौस एकेकाची! माय, हिरीबाई, त्याच्या भागात राहिली, पण जीव दोन्हीकडे. रोज रस्त्याने वळसा घालून धाकट्याकडे यायची. एकदा ओट्यावरून पडली आणि मनगट मोडून बसली.

"भाऊ, मायसाठी मधात एक दार पाडू काय?" उदयसिंगने विचारलं.

"पाड नं. मायचंच घर हाय दोन्हीकडं," बादल म्हणाला.

भावाचं हे बोलणं उदयसिंगने पुण्यात कितीजणांना कौतुकाने सांगितलं. भाड्याने मशीन आणून त्याने आपल्या मागच्या खोलीतून मधल्या भिंतीत दार पाडलं. इतका जीव लावून त्याने कुठल्या बिल्डरचंही काम केलं नव्हतं. उंबरठासुद्धा ठेवला नाही, मायचा पाय अडखळायला नको. मग घर तिच्या भरवशावर सोडून तो आणि बायको रीता पुन्हा कामावर गेले.

चार महिन्यांनी परतले. रीता मागच्या खोलीत अंथरुणं ठेवायला गेली आणि थबकली. स्वयंपाकघरातून त्या खोलीत जायचं दारच नव्हतं. तिथे काँक्रीट ओतलं होतं, फळ्यांचे ठसे अजून ताजे होते. मायसाठी पाडलेल्या दारातून बादल आत आला होता आणि खोलीच आपल्याकडे ओढून बसला होता.

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. उदयसिंगच्या अंगाची लाही लाही झाली. मायला यानं धाक घातला असणार, तिचं तोंड बंद केलं असणार, असं घोकत त्याने रिसोडहून मशीन आणलं आणि नव्या भिंतीवर दाराच्या रेघा मारल्या. रागातही हात सवयीचाच. तीन टोले पडले.

"पल्याड कोन हाय?"

"मी हाओ, बापा." मायचा आवाज अगदी जवळून आला.

"माय, तू बाजूले सरक. मी दार पाडून राह्यलो."

"नको पाडू. मीच सांगतलं बादलले. तुमी तं तिकडंच राह्यता. त्याच्या पोराच्या लग्नाले खोली पाह्यजे होती."

भावाचा दगा उदयसिंगने पचवला असता, हा मायचा पचेना. तो रेघांसमोर तसाच उभा राहिला. मग भिंतीला तोंड लावून हळूच म्हणाला, "माय, मोकळं हाय म्हन."

पलीकडून उत्तर आलं नाही.