रुमालाखालचा भाव

समोरच्याने सांगितलेल्या किमतीला आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एखादी वस्तू घेतली असेल, तर मी मिशी उतरवून शनिवारवाड्यासमोर उभा राहीन, असं मी वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत आलो. ती मिशी अजून जागेवर आहे, पण नैतिकदृष्ट्या तिच्यावर माझा हक्क राहिलेला नाही. ते कसं, तेच सांगायचं आहे.

मामांची सगळी हयात मार्केट यार्डात, गुळाच्या एका गाळ्यावर दिवाणजी म्हणून गेली. गुळाची ढेप बोटाने ठोकायची, नाकाशी न्यायची, नखाने कोपरा खरवडायचा आणि डोळे मिटून भाव सांगायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर गूळ सुटला, ठोकणं सुटलं नाही. फ्रिज, सोफा, देवघर, शेजाऱ्यांची नवी मोटार, सगळ्यावर टकटक व्हायची आणि सगळ्याचा वास घेतला जायचा. त्याच्या कितीतरी आधी, माझं लग्न ठरताना ते मला बघायला आले, तेव्हा चहा होईस्तोवर एक शब्द बोलले नाहीत. निघताना माझ्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केली आणि हिच्या वडिलांना म्हणाले, "माल बरा आहे. पावसाळ्यात तेवढा जपायचा." आमच्या घरी सगळे गार पडले. हिच्याकडचे मात्र लगेच याद्या करायला बसले, कारण मामांनी 'बरा' म्हणणं म्हणजे पहिला नंबर.

मंडईत त्यांचा दरारा असा, की एक भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की कोथिंबिरीची जुडी आपणहून त्यांच्या पिशवीत टाकायची. "घ्या बाबा, अन् पुढं व्हा. भवानी व्हायचीय अजून माझी!" जुनी वस्तू घ्यायची असली तर ते एकच प्रश्न विचारायचे, "का विकताय?" भाव मालात नसतो, या उत्तरात असतो, असं त्यांचं म्हणणं. 'नवीन घेतोय' असं उत्तर आलं की सांगितलेल्या किमतीचा निम्मा. एका गृहस्थांनी नवी घेतोय म्हणून शिलाई मशिन काढलं, तर मामा ते निम्म्यात तर घेऊन आलेच, वर त्यांच्याकडचं तेलाचं बुधलंही घेऊन आले.

आणि तो रुमाल! पूर्वी म्हणे यार्डात भाव तोंडाने होत नसे. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव करायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी तिसऱ्याला पत्ता लागायचा नाही. नियम एकच, रुमालाखालचा भाव बाहेर सांगायचा नाही. पुढे उघड लिलाव आले, पण मामांच्या खांद्यावरचा चौकटीचा रुमाल उतरला नाही. एकदा स्वारगेटला त्यांनी रिक्षावाल्याचा हात रुमालाखाली धरला. त्याला वाटलं हात बघतायत. तो कळवळून म्हणाला, "लग्नाचं बघा काका, लग्नाचं!"

तर अशा माणसाला मी लॅपटॉप घ्यायला बरोबर नेलं. मंदीची वर्षं होती. परदेशात कुठल्या तरी बँका बुडाल्या आणि इकडे आयटीतली पोरं घरी बसली. आमची लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सोमवारपर्यंत स्वतःचा लॅपटॉप आणला नाहीस तर आम्ही दुसरी बघतो, असं तिच्या प्रोजेक्टमधल्या मैत्रिणींनी तोंडावर सांगितलेलं. रात्री ती उशीत तोंड घालून रडली. मी शाळेत भूगोल शिकवतो. जगातल्या सगळ्या नद्या पाठ आहेत, पण आमच्याकडे वाहत येणारी एकही नाही. कसेबसे पंधरा हजार जमवले होते. तेवढ्यात तिने एका मेसच्या फळ्यावर चिठ्ठी पाहिली, 'लॅपटॉप विकणे आहे'. फोन केला, तर विकणारा म्हणाला वीस. मी म्हटलं, घाबरू नकोस, मामाआजोबा दहाला आणतात. उरलेल्या पाचात मी मनातल्या मनात स्वयंपाकघराला रंगसुद्धा लावला.

शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर चार कॉटची खोली. विकणारा यवतमाळकडचा, चोविशीतला पोरगा. "या जी, बसा," म्हणत त्याने लॅपटॉप बाहीने पुसला, आमच्यापुढे ठेवला, परत उचलून पुसला, आणि देता देता पुन्हा एकदा पुसला. मामांनी झाकण ठोकलं, बटणांचा वास घेतला. लेक माझ्या कानात म्हणाली, "बाबा, प्लीज त्यांना आवरा ना!" मामांनी मान वर न करता विचारलं, "बॅटरी?"

"अर्धा तास जाते जी. खोटं कशाला सांगू?"

"का विकताय?"

पोरगा जरा थांबला. "नवीन घेतोय."

मला हर्षाची उकळीच फुटली. लेकरा, मेलास! मामांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात दोरीने आवळलेली वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक होती. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "किती आणलेत?" मी पंधरा म्हणालो. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पोराच्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. "एक बोट म्हणजे हजार. पंजा म्हणजे पाच. आत असेपर्यंत फक्त हो किंवा नाही. आणि आतला भाव तिसऱ्याला सांगायचा नाही, बायको झाली तरी."

रुमाल हलू लागला. पोराचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "पण काका..."

"पण-बिण नाही. हो का नाही?"

"हो जी."

मला त्या पोराची कीव आली, खरं सांगतो. मेल्या म्हाताऱ्याने पाचावर आणला की काय! इतक्यात मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "पंधरा द्या."

"पंधरा?"

"ऐकू येतंय ना? द्या."

माझ्या स्वयंपाकघराचा रंग जागच्या जागी उडाला. लेक लॅपटॉप पोटाशी धरून नाचतच जिना उतरली, मी पाय आपटत उतरलो. मामा चपला शोधतो म्हणून मागे राहिले आणि चांगले पाच मिनिटांनी आले. रस्त्यात कपाळ बाहीने पुसत होते. रुमाल विसरले म्हणाले. माझ्या मनात आलं, संपला हा माणूस. रुमाल विसरला, भाव विसरला. घरी येऊन मी हिला म्हटलंही, "तुझे मामा आता बाद." पुढे नातेवाइकांत जिथे विषय निघेल तिथे सांगितलं. मामांच्याही कानावर गेलं असणार. त्यानंतर कोणी काही घ्यायला त्यांना बोलावलं नाही. तेही कधी काही बोलले नाहीत.

मधे वर्षं गेली. लेकीला त्याच प्रोजेक्टच्या जोरावर नोकरी लागली, ती आता बंगळुरात असते. मामा थकले, माणसं ओळखेनात. आणि गेल्या महिन्यात मला फोन आला, "सर, मी तो लॅपटॉपवाला. काकांचा रुमाल द्यायचा राहिला."

आला तो. ढेरी सुटलेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. रुमाल धुऊन, इस्त्री करून आणलेला. मामांच्या दाराशी पोचेपर्यंत त्याला राहवलं नाही. "सांगायचं नव्हतं सर, पण सांगतो. माझी नोकरी गेली होती. घरी ठाऊक नव्हतं. काकांनी रुमालात चार वेळा पंजा दाबला. वीस. मी म्हटलं होतं तेवढेच. तुमचे पंधरा, आणि तुम्ही खाली गेल्यावर त्यांनी बंडीतून पाच काढून याच रुमालात बांधून दिले. म्हणाले, नवीन घेणारा जुन्याला तीनदा पुसत नाही. त्या पाचात मी अजून एक महिना पुण्यात काढला जी. त्याच महिन्यात काम लागलं."

मी जिन्यातच बसलो. नवीन घेणाऱ्याला निम्मा, हे मला पाठ होतं. अडलेल्याला किती, ते मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. आणि त्यांना बाद ठरवून मोकळा झालो होतो! माझी मलाच इतकी लाज वाटली, की वर जायचा धीर होईना.

मामा खाटेवर बसून होते. कोण आलंय ते कळलं नाही. रुमाल मात्र ओळखला. पोराच्या हातातून घेतला, नाकाशी नेला. मी जवळ बसलो आणि म्हटलं, "मामा, चुकलो मी." त्यांनी माझा हात ओढला, वर रुमाल टाकला आणि आत माझी पाचही बोटं धरून ठेवली, बराच वेळ. मग दुसरा हात हळूच माझ्या पाठीमागे नेऊन दोन बोटांनी टकटक केली.

"माल बरा आहे," ते त्या पोराला म्हणाले. "पावसाळ्यात तेवढा जपायचा."